खाडाखोड चालणार नाही

सोहारच्या मासळीबाजारामागे
सिमकार्डच्या दुकानाला चिकटून एक ऑफिस आहे,
पाटीवर लिहिलंय : सनद.
हसूच आलं. आमच्या घराण्याला कुणी
काठी-घोंगडीपलीकडे सनद दिली नव्हती.

रात्रपाळी करून आले होते, डायलिसिस वॉर्डातून,
बुटांत पाय सुजलेले.
हातात नवऱ्याचा पासपोर्ट,
पाहुणा-व्हिसा संपायला नऊ दिवस,
लग्नाच्या दाखल्यावर दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा, मस्कतचा,
इतके, की आमचं लग्न खाली दिसेनासं झालेलं.

काउंटरवर शम्सा. बोटांना मेंदी,
की-बोर्डशेजारी अर्धा खाल्लेला खजूर.

इस्म?
म्हणजे नाव. मला पंचनाम्यातला इसम आठवला.
उत्पला, म्हणाले.
तिच्या लिपीत प नाही.
उतबला झाले. चाललं.

दीन?
क्षणभर मी ते मराठीतच ऐकलं
आणि मान हलवली : नाही. आता नाही.
मग कळलं, धर्म विचारतेय.
पडद्यावर यादी उघडली, तळाशी 'इतर'.
बुद्ध म्हणताच तिचं बोट हिंदूवर गेलं, सवयीनं,
शाळेत गुरुजींचं जायचं तसं.
तेच ना?
ते नाही. हे वाक्य आमच्या घरात
छप्पन सालापासून सगळ्यांना पाठ आहे.
मग इतर.
इतर बरं. इतर म्हणजे निदान कुणाच्या खाली नाही.

कुटुंबप्रमुख?
मी.
तिनं वर पाहिलं, परत पासपोर्टात पाहिलं.
आश्रित : रत्नदीप. नातं : पती.
व्यवसायाच्या रकान्यात यंत्रानं आपणहून भरलं :
रब्बत बैत. गृहिणी.
तिनं पुसलं. पुन्हा उगवलं.
फोन करून त्याला सांगितलं तर तिकडून कढईचा आवाज,
म्हणाला, राहू दे गं, बैत तर बैत,
आजचा बेत सोड्यांची आमटी.

आजोबांचं नाव?
इथे आजोबांशिवाय माणूस पुरा होत नाही.
कचरू.
आधीची तीन मुलं जगली नाहीत
म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलं, आई सांगायची.
गावाला ते आयतंच मिळालं,
गावानं ते वेगळ्या आवाजात वापरलं.

कशरू, तिनं टाईप केलं, वाचून दाखवलं.
कशरू. धुऊन वाळत घातल्यासारखं.
एखाद्या अत्तरवाल्याचं वाटलं.
एका अक्षरानं सगळा कचरा उचलून नेला होता
आणि मला हलकं वाटायला हवं होतं.

पण दीक्षेनंतर लोक नावं बदलत होते
तेव्हा हा माणूस म्हणालेला,
नाव राहील तेच,
हाक मारणाऱ्यानं आवाज बदलावा.

थांब, म्हणाले. श नाही. च.
अरबीत च नाही.
मग जरा वेळानं, खालच्या आवाजात,
आमच्या बलुचीत आहे. घरी. इथे नाही.
रद्दी कागदावर काढून दाखवलं तिनं :
शचे तीन ठिपके डोक्यावर असतात,
चचे पोटात.

अर्जावर मात्र खाडाखोड चालत नाही.
अर्ज गेला कशरूच्याच नावानं,
तीन रियाल, पाचशे बैसे.
माझ्या पावतीवर तिनं ते नाव खोडलं,
पेनानं शेजारी नवं लिहिलं, पोटात तीन ठिपके देऊन,
शाई संपत आलेली, तिसरा नुसता ओरखडा.

पावती डब्याच्या पिशवीत ठेवली.
घरी आले, जेवलो.
आमटीत मीठ जास्त झालं होतं.
कुटुंबप्रमुख म्हणून मी काही बोलले नाही.